तिसरी काडी

शिराळा, १८ जानेवारी १९७६

ती. अक्कास कृष्णातचा सा. न. वि. वि.

मेढ्याहून सुखरूप पोचलो. शिबिर संपवून तुझ्याकडे एकच दिवस राहिलो, तोही दाजींच्या पलटणीच्या गोष्टींत गेला. माझं सांगायचं राहूनच गेलं.

बालवीर पथक चालवायचं तर आधी आपण बालवीर व्हायचं, म्हणून आम्हा तीस बाप्यांना आठ दिवस खाकी अर्ध्या चड्डीत फिरवलं. शेवटची परीक्षा म्हणजे उघड्यावर दोन काड्यांत चूल पेटवणं. लाकडं दवानं ओली. शेजारच्या चुलीवर आटपाडीचा भाऊसो होता, मेंढरं राखणारा साधा गडी. त्यानं शिबिरप्रमुख लालासाहेबांकडे तिसरी काडी मागितली आणि नापास झाला. माझी पेटली! बिल्ला मिळाला. भाऊसोनं युक्ती विचारली, तर गवताला उलटा पीळ घालायचा, हे त्याला शिकवून आलो.

माझी टोपी तुझ्याकडेच राहिली, पाठवून दे. लोभ वाढव असं म्हणत नाही, आहे तेवढा कमी करू नकोस.

तुझा कृष्णात

मेढा, २७ जानेवारी १९७६

चि. कृष्णात यास अंजनाचे अनेक आशीर्वाद.

पत्र दाजींना वाचून दाखवलं. ते खूश झाले. मला मात्र आईची चूल पेटवताना निम्मी पेटी संपवणारा तू आठवलास.

काल टोपी धुवायला घेतली. घडीत दोन विड्या आणि सहा काड्या निघाल्या. विड्यांचं दाजींना सांगितलं नाही. काड्यांचं तुलाच विचारते, बाळा. तिथं तर काड्या मोजून देत होते ना?

टोपी वाळली की पाठवते. माझी माया आहेच, तिला लपवाछपवी तेवढी सोसत नाही.

तुझी अक्का

आटपाडी, ४ फेब्रुवारी १९७६

रा. रा. कृष्णात गुरुजींना भाऊसोचा रामराम.

पत्रास कारण की, तुमी शिकवल्यापरमानं गवताला उलटा पीळ घालून रोज सकाळी माळावर बसतोय. पोरंबी बसत्यात. पंधरा दिस झालं, दोन काड्यांत एकाचीबी चूल पेटली न्हाई. पोरं म्हणत्यात, गुरुजींची पेटली, मंग आपलीच अक्कल कमी. मलाबी तसंच वाटाय लागलंय. तवा पुन्हा परीक्षेला येत न्हाई. पथक मोडतो, माझी मेंढरंच बरी.

तुमच्यावर राग न्हाई. तुमी लय मन लावून शिकवलं. मायेत अंतर पडू देऊ नका, एवढीच इनंती.

भाऊसो

शिराळा, १६ फेब्रुवारी १९७६

ती. अक्कास कृष्णातचा सा. न. वि. वि.

टोपी मिळाली. तुझ्या पत्राला उत्तर द्यायची लाज वाटत होती. माझी चूल टोपीतल्या काडीनंच पेटली. दिलेल्या दोन्ही विझल्या, लालासाहेबांची पाठ फिरली आणि मी तिसरी ओढली. पण त्याहून वाईट पुढचं आहे. उलटा पीळ ही युक्तीबिक्ती काही नव्हती, भाऊसोनं विचारल्यावर मी ती तिथल्या तिथं रचली. त्याचं पत्र आलं, त्या थापेपायी तो स्वतःला अडाणी समजून पथक मोडायला निघाला होता. मन लावून शिकवलं म्हणून वर माझे आभार मानले होते. ते वाचून जेवण गेलं नाही.

बिल्ला लालासाहेबांना परत पाठवला, सगळं लिहून. काल आटपाडीला गेलो आणि माळावर, पोरांच्या देखत, खाली मान घालून सांगून टाकलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. भाऊसो बराच वेळ गवताचा पीळ सोडत बसला. मग त्यानं माझ्या हातावर दोन काड्या ठेवल्या आणि आता तुमी पेटवा, एवढंच म्हणाला.

दोन्ही विझल्या. तू धुतलेली टोपी डोक्यावर होती. तिसरी काडी मी सगळ्या पोरांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं मागितली.

भाऊसोनं दिली. पथक मोडत नाही म्हणाला. पुढच्या परीक्षेला आम्ही दोघं बरोबरच बसणार. इथल्या मुलांना बालवीराचं वचन द्यायला लावायचं होतं, ते तोवर थांबवलंय, आधी त्यांनाही हे सांगायचंय. तुझ्या मायेला पुन्हा लायक होईन, तोवर ती सांभाळून ठेव.

तुझा कृष्णात

ता. क. विड्यांचंही दाजींना सांगून टाक.