ना लावून विचारलेला प्रश्न

आई,

तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, आणि ती सांगायला मला दुसरं कुणी नाही. तुझी लाडकी निलंबित झाली. चौकशी अजून चालू आहे, पण नोकरी राहील असं कुणालाच वाटत नाही. तक्रार मी केली. झरीची ती पोर, जिला तू आपल्या घरात ठेवून घेऊन नर्सिंगला घातलंस, जेवताना जिच्या ताटात माझ्याआधी वाढायचीस, तिच्याविरुद्ध मी केली. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण आडवळणाने सांगितलेलं तुला कधी खपलं नाही. मी शाळेतून रडत आले तरी म्हणायचीस, आधी काय झालं ते सांग, रडणं मग ऐकते. तर आमच्या दोघींच्या आरोग्य केंद्रात एक बाळंतीण गेली, आई. वयाने अगदी कोवळी, पहिलटकरीण. मूल वाचलं, मुलगी आहे.

तुझ्या सायवनच्या दिवसांकडे मी हल्ली सारखी जाते. उपकेंद्राच्या मागच्या दोन खोल्या, चुलीवर नेहमी चढलेलं पाण्याचं भांडं, दोरीवर वाळणारं तुझं एकच पांढरं लुगडं, कारण दुसरं अंगावर असायचं. आम्ही दोघी तेव्हा शिकत होतो आणि सुट्टीत तुझ्याबरोबर पाड्यांवर फिरायचो. एका झोपडीच्या दाराशी मी उभी आहे. आत एक बाई भिंतीकडे तोंड करून पडली आहे, कुशीत मूल. वाकून आत जायचा मला कंटाळा आलेला, म्हणून मी दारातूनच विचारते, "ताप नाही ना गं?" ती म्हणते, नाही. "जेवलीस ना?" ती म्हणते, हो. तू मला बाजूला सारून आत जातेस, तिच्या मानेला उलटा हात लावतेस, आणि पिशवीतून थर्मामीटर काढतेस. तापाने फणफणली होती, पोटात कालपासून अन्नाचा कण नव्हता.

परतताना ओढ्यापाशी थांबलीस आणि मला झापलंस. "प्रश्नाला ना कशाला लावतेस? तू सरकारची माणूस, दारात उभी. ताप नाही ना म्हटल्यावर ती बिचारी तुला आहे कशी म्हणेल? तुला पाहिजे ते उत्तर तूच तिच्या तोंडात घातलंस." मग म्हणालीस, काय होतंय असं विचारायचं आणि ती उत्तर देईपर्यंत हात अंगावर ठेवायचा, तोंड मान राखतं, अंग राखत नाही. मी मान खाली घालून ऐकत होते. पुढच्या झोपडीत तुझ्या लाडकीनेही तेच केलं होतं, अगदी तसंच, दारातून, ना लावून. तिला तू काही बोलली नाहीस. ओढा ओलांडताना तिचा हात धरलास आणि मला म्हणालीस, ती नवीन आहे, तिला सांभाळ. जणू मी जन्मतःच जुनी होते.

दोघींना नोकरी लागली तेव्हा तू रिटायर होऊन घोलवडच्या घरी आली होतीस. स्वयंपाकघरात खाली बसून तू चिकू निवडत होतीस, एकेक फळ अंगठ्याने हलकेच दाबून, पिकलेलं एका बाजूला, कडक गवताच्या टोपलीत. चिकू बघून कळत नाही म्हणायचीस, दाबून कळतो. पदराला हात पुसून तू कपाटातून दोन पुड्या आणल्यास. आम्हाला वाटलं कानातलं असेल. निघाली नेलकटरं, सारखीच दोन. तिने तोंड वेडंवाकडं केलं, मी हसले. तू मात्र हसली नाहीस. पोटावर, अंगावर हात ठेवायचाय रोज, नख लागता कामा नये, एवढंच म्हणालीस आणि पुन्हा चिकूंकडे वळलीस. माझं अजून पर्समध्ये आहे, खिळा ढिला झालाय.

आता ऐक. दसरा होऊन गेला होता. माझी रात्रपाळी संपता संपता ती पहिलटकरीण आली, बरोबर सासू. सकाळी बाळंत झाली. सगळं सुरळीत, वारही नीट पडली. मीच तिला स्वच्छ केलं, कापडाची घडी ठेवली आणि ती धरायला कमरेभोवती पट्टी बांधली, तुझ्यासारखी, डाव्या बाजूला दुमडून खोचलेली गाठ. तशी गाठ आमच्याकडे दुसरं कुणी बांधत नाही, सगळ्या तिला चेष्टेने सासुरवाशिणीची गाठ म्हणतात. मग तुझी लाडकी पाळीवर आली. तिला मी सगळं नीट सांगितलं, बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून गर्भपिशवी घट्ट आहे ती दाखवली, पहिलटकरीण आहे, लक्ष ठेव म्हटलं. त्या दिवशी बाहेरच्या खोलीत लसीकरण होतं आणि माणूस कमी, म्हणून घरी न जाता मी तिथे बसले. दोन्ही खोल्यांमध्ये नुसता पडदा. पोरं रडत होती, आया भांडत होत्या, तरी पलीकडचं ऐकू येत होतं. तिच्या लेकीची सोयरीक चालली होती. वापीची मंडळी, फोनवर गुजरातीत देण्याघेण्याचं बोलणं. मध्येच तिचा आवाज यायचा, दारातून. "बरी आहेस ना गं?" आणि आतून बारीक उत्तर, "बरी हाय, बाय." थोड्या वेळाने पुन्हा तेच. कॉट करकरली नाही, स्टूल सरकलं नाही. मी ते ऐकत होते आणि लस टोचत होते. कानावर पडलेलं मनापर्यंत पोचायला मध्ये काय आडवं आलं, ते मला अजून कळलेलं नाही.

दुपार कलली तेव्हा सासू पडद्याआडून आली. पाळीवर असलेल्या तिच्याकडे जायचं सोडून माझ्याकडे का आली कुणास ठाऊक. म्हणाली, "बाय, तिचं हातपाय गार लागतं. बघ जरा." मी घोंगडी उचलली. आई, ती काळी घोंगडी होती, घरून आणलेली, वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. खाली गादीपर्यंत सगळं भिजलं होतं. पोट मऊ, सकाळची घट्ट पिशवी सैल पडलेली. आणि कमरेला डाव्या बाजूला माझीच गाठ, सकाळची, कुणी न सोडलेली. पुढचं सगळं केलं, जे जे तू शिकवलंस ते केलं. इंजेक्शनं, सलाईन, पोट दाबून धरणं. डॉक्टर धावत आले, गाडी आली, मी तिच्याबरोबर सिल्वासाला निघाले. उधव्याच्या पुढे रस्त्यात ती गेली. जायच्या आधी मी तिला विचारलं होतं, काय होतंय गं. ती म्हणाली, "काय नाय." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, असंच मला वाटतं. आपल्या सरकारी बायकांचा मान ती शेवटपर्यंत राखून गेली.

दुसऱ्या दिवशी केंद्रात सगळ्यांचं बोलणं एकच, अचानक झालं. अचानक होतंही कधी कधी, तूही पाहिलं असशील. डॉक्टर तरुण आहेत, मनाने चांगले. मला आत बोलावून म्हणाले, सिस्टर, वरून विचारणा होईल, माणसं कमी आहेत, सांभाळून घ्या. तुझाच शब्द, आई. फक्त त्याला मागे एक शेपूट लागलेलं. तू म्हणाली होतीस सांभाळ, हे म्हणत होते सांभाळून घ्या. इतकी वर्षं मला त्या दोन्हीतला फरक कळला नव्हता, आणि त्या क्षणी मी खुर्चीत बसल्या बसल्या तुझ्यावर चिडले. तू तिला सांभाळलंस की सांभाळून घेतलंस? त्या ओढ्यापाशी तिलाही माझ्यासारखं झापलं असतंस तर तिचे पाय दारात अडले असते का? मेलेल्या माणसावर चिडण्यात काही राम नाही, पण मी चिडले होते हे खरं.

जिल्ह्याची माणसं चौकशीला आली तेव्हा मला विचारलं, तुम्ही काय पाहिलंत. मी गाठीचं सांगितलं. पडद्यापलीकडून काय ऐकू आलं ते सांगितलं. सकाळपासून तिला कुणी हात लावला नव्हता, असं सरळ सांगितलं, आणि त्यांच्या सांगण्यावरून तसं लिहूनही दिलं. तीच माझी तक्रार. त्यांच्यातल्या एक मॅडम म्हणाल्या, तुमच्यात काही जुनं भांडण आहे का? मी नाही म्हटलं. मग घरी येऊन रात्रभर त्याच प्रश्नाला चिकटून राहिले. भांडण नव्हतं. पण आधी तिच्या ताटात पडलेली भाकरी मी विसरले नव्हते, ओढ्यात तिचा धरलेला हात विसरले नव्हते. तुझ्या शेवटच्या आजारपणात तू पाणी तिच्या हातून मागायचीस, तेही. हे सगळं त्या लिहून दिलेल्या कागदात नव्हतं ना, असं मी स्वतःलाच विचारत राहिले. बघ, इथेही ना आला.

निलंबनाचा आदेश आला त्या दिवशी ती माझ्याकडे आली. चपला न काढता उंबऱ्यात उभी राहिली. शिव्या देईल असं वाटलं होतं, दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. म्हणाली, "ताई, तू मला आधी सांगायचं होतंस. तिथेच. एक आवाज टाकला असतास तर मी उठले असते." खरं आहे, उठली असती. आळशी असली तरी ती दुष्ट नाही. मग म्हणाली, "बाईंनी काय केलं असतं?" तुला ती शेवटपर्यंत बाईच म्हणाली. मला माहीत नाही, आई. तू तिला पोटाशी धरलं असतंस हे नक्की. पण त्याआधी खरं सांगितलं असतंस की नंतर, की सांगितलंच नसतंस, हे मला कितीही डोकं लावलं तरी दिसत नाही. तिची बोटं चौकटीवर होती. नखं वाढवलेली, लाल रंग अर्धा उडालेला, सोयरिकीसाठी लावला असेल. नखं वाढवल्याने कुणी वाईट होत नाही. पण गेले कित्येक महिने मी ती नखं बघत होते आणि थट्टा करत होते, यापलीकडे मला त्यात काही दिसलं नव्हतं. सोयरीक मोडली, हे मला मागाहून कळलं.

केंद्रात आता दुपारी सगळ्या एकत्र डबे उघडतात तेव्हा मी काहीतरी काम काढते. कुणी तोंडावर बोलत नाही. चहा येतो, पण हाक येत नाही. नव्या मुली माझ्यासमोर जरा जपून वागतात, पेशंटपाशी जरा जास्त वेळ थांबतात. पोटावर हात ठेवतात. तेवढं झालं. तेवढ्यासाठी केलं असं म्हणून मी स्वतःची समजूत घालते, आणि ती फार वेळ टिकत नाही.

बाळाला टोचायला मी पाड्यावर जाते. तिची आजी, म्हणजे तीच सासू, शेळीचं दूध पाजते, मी सांगितलेली पावडरही देते. मूल छान आहे, मुठी आवळून झोपतं. मागच्या खेपेला आजीने मला परसातल्या दोन काकड्या दिल्या आणि विचारलं, "ती दुसरी बाय कुठं गेली? चांगली होती. सारखी विचारून जायची आमच्या पोरीला." मी काकड्या पिशवीत ठेवत राहिले. आजीच्या मनात कुणाबद्दल किल्मिष नाही. तिच्या लेखी मरण आलं आणि घेऊन गेलं. तिला सगळं सांगावं की न सांगावं, यातलं सांभाळणं कुठलं, तेही मला ठरवता आलं नाही. मी बाळाच्या पोटावर हात ठेवून बसून राहिले.

हे सगळं आज लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच आहे. सकाळी तलासरीच्या बाजारात ती दिसली. सुक्या बोंबलांच्या टोपलीपुढे बसली होती, एकेक उचलून वास घेत. वाळली आहे. केस बांधलेले नव्हते. पैसे काढायला तिने हात पुढे केला तेव्हा मला तिची नखं दिसली, बोटाच्या मांसापर्यंत कापलेली, तुला आवडायची तशी. तुझं नेलकटर तिच्याकडे अजून असेल. मला तिच्याशेजारी बसायचं होतं. तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता आणि काय होतंय गं म्हणून विचारायचं होतं, आणि ती सांगेपर्यंत हात काढायचा नव्हता. एवढंच तर तू शिकवलंस आयुष्यभर.

हा कागद घडी करून मी तुझ्या जुन्या लुगड्यात ठेवणार आहे. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पुढचं वाचून तू काय म्हणशील याची मला भीती वाटली असती. बाजारात तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्यातच उभी होते, तिच्यापासून चार हात लांब, हातात भाजीची पिशवी. तिथूनच मी विचारलं, "बरी आहेस ना?"

ती म्हणाली, "बरी आहे, ताई."

आणि मी ते खरं धरून रिक्षात बसले.