एका ओळीच्या दोन जागा

दि. ९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुम्हीही बरे असाल असं धरून चालते. आईचा गुडघा आता जिना चढू देतो. व्यायाम मात्र ती डॉक्टरांसमोर तेवढे करते. तुझ्या भाचीचे पुढचे दोन दात पडलेत आणि ती 'स' टाळते, त्यामुळे घरातून सकाळ आणि साबण दोन्ही गायब आहेत.

तीन वर्षांनी पत्र आणि त्यात दातांच्या गोष्टी, म्हणशील. मीटिंगमध्ये तू म्हणायचास, "मुद्द्यावर ये." येते.

गेल्या महिन्यात ऑफिसात नवा डीबगर, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं साधन, आला. वहिनीही हे वाचेल, म्हणून जरा फोड करून लिहिते. प्रोग्रॅममधल्या एखाद्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला, की डीबगर तिथली मूळ सूचना बाजूला काढून ठेवतो आणि तिच्या जागी 'थांब' अशी सूचना बसवतो. काम तिथवर आलं की थबकतं. थबकलं नाही, तर ते तिकडून गेलंच नाही, असं आपण समजतो.

तीन वर्षांपूर्वी पंपाच्या चौकशीत मी हेच सांगितलं होतं. हॉस्पिटलात वीज जाऊन आली आणि झोपेचं औषध देणारा आपल्या कंपनीचा पंप आधीच्या रुग्णाच्या वेगाने सुरू झाला. त्या पंपावरच्या निवृत्त शिक्षिका दोन दिवस शुद्धीवर आल्या नाहीत. संशय दोनच जागी होता: वेग साठवून ठेवणारा तुझा कोड, आणि जुना वेग उचलणारी माझी एक ओळ, जी मी फक्त चाचणीपुरती लिहिली होती. मी छातीठोकपणे म्हणाले, "मी ब्रेकपॉइंट लावून पाहिलाय. काम माझ्या ओळीवरून जातच नाही." तू माझ्याकडे पाहिलंस आणि आठवड्याभरात राजीनामा दिलास.

नव्या डीबगरमध्ये मी सहज त्याच ओळीवर ब्रेकपॉइंट लावला. पडद्यावर उमटलं: दोन ठिकाणी.

लिहिलेली ओळ एकच. पण ती ज्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधली वस्तू तयार करणाऱ्या भागात आहे, त्याच्या आपला कंपायलर, म्हणजे लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, दोन प्रती बनवतो. क्लासची, म्हणजे साच्याची, वस्तू स्वतंत्र घडते तेव्हा एक प्रत वापरली जाते, आणि त्याच क्लासवर बेतलेल्या दुसऱ्या क्लासच्या पोटात ती घडते तेव्हा दुसरी. जुना डीबगर पहिल्या प्रतीतच थांबा लावायचा. आपला पंप घडायचा दुसरीतून. मी टेबलावरच्या पंपाची वायर काढली, परत लावली. काम माझ्या ओळीवर येऊन उभं राहिलं.

इथवर लिहून थांबले असते, तर डीबगरवर ढकलून मोकळी झाले असते. पण तसं नाही, दादा. चौकशीच्या आदल्या दिवशी जिन्यात तू म्हणाला होतास, "लिहिलेलं बघू नकोस, कंपायलरने काय बनवलंय ते बघ." कंपायलरने बनवलेल्या भागांची यादी मी उघडली होती. त्या कन्स्ट्रक्टरचं नाव मला दोनदा दिसलं. मी फाईल बंद केली आणि चहा प्यायला गेले. मला कळलं नव्हतं असं नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं. महिन्याभराने तुझ्या खुर्चीवर बसले.

कंपनीच्या मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. तुझा निर्दोष कोड तेव्हा बदलला गेला आणि माझी ओळ आजही प्रत्येक पंपात आहे, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, तीन वर्षांत परत काही घडलं नाही, गाडलेलं उकरून कोणाचं भलं होणार. मी म्हणाले, "वीज आजही जाऊ शकते." त्यांनी सोमवारपर्यंतची मुदत मागितली. मी दिली नाही. त्याच दुपारी सगळ्या हॉस्पिटलांना माझ्या सहीने कळवलं. बाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनीच माणसं पाठवून पंप परत मागवले. ओळ काढलीय. दोन्ही प्रती तपासल्या, मग आणखी दोघांकडून तपासून घेतल्या. खुर्ची सोडलीय. चौकशी समितीपुढे शुक्रवारी उभी राहीन. काय व्हायचं ते होवो.

काल त्या शिक्षिकांकडे गेले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि विचारलं, "भावाला सांगितलंत?"

मी म्हटलं, नाही.

"मग आधी माझ्याकडे कशाला आलात?"

घरी येऊन पाणीही न पिता लिहायला बसले, पण काल हे पत्र दातांपुढे गेलं नाही. आज पुरं केलं.

सोबत समितीला दिलेल्या निवेदनाची प्रत आहे. ती आईलाही वाचून दाखवलीय, शेवटपर्यंत. तिने तुझा पत्ता स्वतःच्या हाताने पाकिटावर घातला.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागायचं तर तुझ्या दारात उभं राहून. शुक्रवारनंतर येईन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझ्याविरुद्ध खोटं बोललेली, तुझीच,
धाकटी