अकरा मेकॅनिक आणि एक अडकलेले सर

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, तेव्हा अष्टांगांपैकी सातच समज). खोकला गेला का? तुझी सून म्हणते, तू औषध गुपचूप कुंडीत ओततेस आणि झाडाची तब्येत उत्तम आहे. इकडे आम्ही खुशाल. गेले तीन महिने नव्हतो, परवापासून आहोत. ते कसं, हे सांगायलाच हे पत्र.

तुला ठाऊक आहेच, मी संस्थेत लिफ्ट दुरुस्ती शिकवतो. यंदा नियम निघाला, की वर्षानुवर्षं काम करणाऱ्या मेकॅनिकांनीसुद्धा परीक्षा देऊन दाखला घ्यायचा, नाहीतर लिफ्टला हात लावायचा नाही. असे अकरा जण माझ्याकडे आले. सगळे पोराबाळांचे, दिवसभर कामावर. त्यांतले सर्वांत मोठे अठ्ठावन्न वर्षांचे, त्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणतात. (मी शाळेत पाढे चुकत होतो तेव्हा ते लिफ्ट दुरुस्त करत होते, आणि आता त्यांना शिकवणार मी!) या मंडळींना वर्गात यायला सवड नाही, म्हणून प्राचार्यांनी अख्खा कोर्स मोबाईलवर न्यायचं ठरवलं आणि ते लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं.

मी सामानाच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर उभा राहून चाळीस-चाळीस मिनिटांची बारा भाषणं ठोकली. (हिनं त्यातलं एक पाहिलं आणि म्हणाली, पोलिसांनी ओळख पटवायला उभं केल्यासारखे दिसता.) आठवड्यानं संगणकानं कळवलं, की अकराच्या अकरा जणांनी पहिला पाठ पूर्ण केला. मी हुरळून प्राचार्यांकडे धावलो. तिथे कारकूनबाईंनी खालची ओळ वाचून दाखवली: सरासरी वेळ, तीन मिनिटं. सगळ्यांनी बोटानं सरकवत थेट शेवट गाठला होता. त्यातून चाचणीचा प्रोग्राम मुळात बालवाडीसाठी बनवलेला. बरोबर उत्तर दिलं की पडद्यावर फुगे उडायचे आणि एक गोड आवाज ओरडायचा, “शाब्बास रे सोनुल्या!” उस्तादांच्या मोबाईलवर हा आवाज भर उपाहारगृहात घुमला. दोन दिवस त्यांना सगळे सोनुल्या म्हणत होते. तिसऱ्या दिवशी उस्तादांनी कोर्सच मोबाईलवरून काढून टाकला.

सराव परीक्षेत सात जण आपटले. उस्तादांचा कागद कोरा. मी त्यांना समजवायला, म्हणजे खरं तर झापायला, ते काम करतात त्या हॉस्पिटलच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेलो. ते पालथ्या डब्यावर बसले होते. माझं भाषण सुरू व्हायच्या आधीच हळूच म्हणाले, “सर, मला वाचायला फार वेळ लागतो. घरी कुणाला माहीत नाही.” आत्या, झापायला गेलेला मी मुकाट शेजारच्या डब्यावर टेकलो. मग त्यांनीच मला सावरलं. “ऐका,” म्हणाले. मला नुसती घरघर ऐकू आली. “उजवीकडचं बेअरिंग. महिनाभर चालेल, मग रडेल.” वीस वर्षं शिकवतोय, पण असं कान देऊन ऐकायला मी कुणाला शिकवलं नव्हतं. मला तरी कुठे येत होतं?

मग मी बारा भाषणं पुसली (हिनं टाळ्या वाजवल्या) आणि अकरा जणांना एकेक करून विचारलं, की बाबांनो, मोबाईल हातात कधी घेता? कुणी बसमध्ये उभ्यानं, कुणी जेवणानंतर दहा मिनिटं, आणि एकाचे हात दिवसभर ग्रीसनं माखलेले, त्याला फक्त कान मोकळे. हे आधी विचारायला हवं होतं, पण मी शिक्षक ना! आता पाठ तीन मिनिटांचे केले, तेही ऐकायचे, आणि उत्तरं बोलून द्यायची. बिघाडांचे आवाज त्यांनीच टिपून आणायचे आणि एकमेकांना ओळखायला लावायचे. चौथा पाठ लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या सुटकेचा. तो उस्तादांनी तीनदा नापास केला. “सर, तुम्ही ब्रेकपासून सुरुवात करता. आत माणूस आहे. आधी त्याच्याशी बोला.” शेवटी तो पाठ त्यांच्याच आवाजात घेतला.

परवा परीक्षा. परीक्षकबाई उंच, गंभीर, फाइल छातीशी धरलेली. मी त्यांना अदबीनं लिफ्टमधून वर नेऊ लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यांच्या मध्ये लिफ्ट गचकन थांबली. सगळी बटणं दाबली, मग दाराच्या फटीत छत्री खुपसली. बाहेरून आवाज आला, “आत कोण आहे? कुणाला त्रास होतोय का?” उस्ताद! मी ओरडलो, “मी आहे! दार उघडतोय!” फटीतून छत्रीचं टोक बाहेर आलेलं त्यांना दिसलं. मग, “सर, आधी छत्री बाजूला ठेवा.” मी ठेवली. बाकीच्या मेकॅनिकांपैकी दोघे मशीनच्या खोलीकडे पळाले, उस्ताद आमच्याशी बोलत राहिले: आता वीज बंद करतोय, आता हातानं ब्रेक सोडतोय, थोडा धक्का बसेल. बाई घाबरल्या असतील म्हणून मी वळून पाहिलं, तर त्या प्रात्यक्षिकाच्या तक्त्यावर शांतपणे खुणा करत होत्या. अकराव्या मिनिटाला आम्ही बाहेर. “प्रात्यक्षिक झालं,” बाई म्हणाल्या, “आता प्रश्न विचारते.” (प्रश्न ऐकून तोंडी उत्तर द्यायची परवानगी मी महिनाभर अर्ज करकरून मिळवली होती.)

दहा जण पास. अकरावा पंधरा दिवसांनी पुन्हा बसेल, बाकीचे त्याची तयारी करून घेतायत. उस्ताद पास! दाखल्यावरचं नाव त्यांनी घरी सगळ्यांसमोर एकेक अक्षर लावत वाचलं आणि इतकी वर्षं लपवलेलं स्वतःच सांगून टाकलं. हे त्यांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत होतो. फोन ठेवला आणि खुर्चीतच असा घोरलो, की प्राचार्यांनी बाहेरून दार लोटून घेतलं. डोक्यावरून डोंगर उतरला गं.

तब्येतीला जप.
तुझा भाचा

ता. क. प्राचार्य खूश होऊन पुढचा कोर्स काढतायत, शिवणकामाचा. शिकवायला तीस वर्षं शिवणवर्ग चालवलेलं कुणी हवं होतं. मी तुझं नाव दिलंय. सोमवारी दहाला माणसं कॅमेरा घेऊन तुझ्याकडे येतील.

आणखी एक. नाही म्हणू नकोस, पत्रकं छापून झाली. तुझा चांगला फोटो माझ्या लग्नातलाच मिळाला. त्यातून मला कापलंय, पण तू माझा कान इतका घट्ट धरला होतास, की तेवढा तुझ्या हातात राहिलाय.