अण्णांनी खोललेला ब्रेक

अण्णा,

माझ्या सायकलचा ब्रेक जोडलाय. स्प्रिंग तुमच्याच सदऱ्याच्या खिशात सापडली. तिचं एक टोक आतल्या भोकात अडकवायचं, दुसरं लिव्हरच्या पाठीला टेकवायचं आणि दाबून धरूनच पिन सरकवायची. माझ्या हातून दोनदा उडाली. कपाटाखाली आडवी पडून शोधली. आता उशीर झालाच आहे, सुपरवायझर तोंड सोडणार.

जेवण झाकून ठेवलंय. गोळी जेवणानंतर घ्या, आधी नको.

एक विचारते, रागावू नका. जन्मभर कारखान्यात फिटर होतात, डोळे मिटून मशीन जोडायचात. तुम्हाला एवढीशी स्प्रिंग बसवता येत नाही, हे कुणाला सांगता? आणि माझी सुट्टी असली की सायकल कशी ठणठणीत असते?

आई गेल्यापासून घर खायला उठतं, मला कळतं. पण काम सोडून चालणार नाही. पुढच्या वेळी ब्रेक खोलू नका. ‘थोडं थांब’ म्हणा. दिवसभर नाही थांबता येणार, पण जेवढा वेळ त्या स्प्रिंगशी झटापट करते, तेवढा तुमच्याजवळ बसून जाईन.

तुमची धाकटी