सिनेमातल्या बापाचं वाक्य

बाबा, आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे, आणि तुम्ही नेहमीसारखे चष्मा पुसत बसणार. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयाने मीच तुमच्यापेक्षा मोठी आहे. तेव्हा मला बोलू द्या.

पनवेलच्या त्या पत्र्याच्या थिएटरात रविवारी दुपारी इंग्रजी सिनेमा लागायचा. तुम्ही कचेरीतले कारकून, पण इंग्रजी फाडफाड, म्हणून मालकाने तुम्हाला हातात भोंगा देऊन पडद्याशेजारी उभं केलेलं. पडद्यावर गोरी माणसं बोलायची आणि मागोमाग तुम्ही लोकांना मराठीत सांगायचात. शनिवारी मात्र कुणी कितीही बोलावलं तरी आपल्या यहुद्यांचा शब्बाथ, विसाव्याचा वार, नाही म्हणजे नाही. पण रविवारी काय तुमची ऐट! कोट चढवून, मिशीवरून हात फिरवून निघायचात.

त्या रविवारचा सिनेमा अमेरिकेतल्या एका लहानशा गावातला होता. दुकानदाराची मुलगी, गिरणीत राबणारा मुलगा आणि गावभर कुजबुज. मी बायकांच्या बाजूला बसले आहे. पलीकडे पुरुषांत तो बसलाय, मिठागरवाल्यांचा, ज्याच्याशी लग्न करायचं म्हणून मी चारच दिवसांपूर्वी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही भरल्या ताटावरून उठून गेलात. सिनेमाच्या शेवटी ती मुलगी त्या मुलाकडे जायला स्टेशनवर उभी असते. बाप धावत येतो, तिला कवटाळून रडतो आणि म्हणतो, जा, जिथे तुझं सुख तिथे जा, मी कायम तुझाच आहे. आणि तुम्ही? भोंगा तोंडाला लावून म्हणालात, "बाप म्हणतो, पोरी, तू गेलीस तर मी मेलो असं समज." बायका पदराने डोळे पुसू लागल्या. अहो, मला इंग्रजी तुम्हीच शिकवलं होतंत ना! मला सगळं कळतंय हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. घरी आल्यावर चहा पिताना वर विचारलंत, "कसं सांगितलं मी?" मी म्हटलं, "छान."

दुसऱ्या दिवशी त्याने मला बाजारात गाठलं. "तुजा बापूस माज्याकडं बगूनच बोलला," म्हणाला. "त्यांना दुखवून आपल्याला सुख नाय मिलणार." मी मान खाली घालून मेथीच्या जुड्या निवडत राहिले. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. दोन्ही भाऊ इस्राएलला गेले, मी तुमच्यापाशी राहिले. तुमचं पथ्यपाणी केलं, शेवटी तुमच्या तोंडात पाणी घातलं, आणि मनातल्या मनात रोज तुम्हाला शिव्या घातल्या. माझा संसार तुम्ही भर थिएटरात मोडलात, असं स्वतःला सांगत आले.

पण बाबा, त्या दिवशी बाजारात मी त्याला एवढंच सांगायला हवं होतं की सिनेमातला बाप तसं म्हणालाच नाही. तो थांबला होता. चांगला दोन-तीन मिनिटं उभा होता, मी काही बोलेन म्हणून. मी बोलले नाही. मिठागरावरचं ते ऊन, ते परकं घर, त्याची कडक आई, सगळ्याची मला धास्ती बसली होती. तुमच्याजवळ मी हे कधी कबूल केलं नाही, आणि हे लिहिलेला कागदही घडी करून फडताळात ठेवणार आहे. तुम्ही ते खोटं वाक्य बोललात ना, तेव्हा क्षणभर मला हायसं वाटलं होतं. मग आयुष्यभर मी त्याच्यासाठी रडले, आणि दोष तुम्हाला दिला.