चाचांच्या दुकानातून न आणलेले ट्रान्झिस्टर

अप्पा, मागच्या पत्रात मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची लिहिली. कुंभारीच्या गॅदरिंगच्या आदल्या दिवशी चाचांचं, म्हणजे तुमच्या भाईचं, स्पेअर पार्टचं दुकान बंद होतं, म्हणून मी ट्रान्झिस्टर दुसरीकडून आणले, असं लिहिलं होतं. दुकान उघडं होतं. चाचा आतच बसले होते, आणि त्यांनी मला बसायला स्टूल पुढं केलं होतं. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, माझं कुठलंच पत्र तुमच्यापर्यंत येणार नाही, तरी त्यातही मी स्वतःला थोडं सोडवून घेतलं. पत्र लिहून झाल्यावर चार दिवस बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटायला लागली. म्हणून आता पहिल्यापासून लिहिते.

शाळेत नाव घालायच्या आधी मी तुमच्याकडे शिकले. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन. रेझिस्टरच्या पट्ट्यांवरून मी आकडे शिकले आणि पहिलीत बाईंनी पाच म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हिरवा यायचा. आपली एकच खोली. एका भिंतीला आईची शेगडी, समोरच्या भिंतीला तुमचं टेबल. आई विकायच्या चटणीसाठी शेंगदाणे भाजायची आणि तुम्ही सोल्डरिंग करायचात. चटणीला धुराचा वास लागला तर गिऱ्हाईक तुमच्याकडे पाठवीन, असं ती म्हणायची, आणि तुम्ही म्हणायचात, पाठव, त्यालाही एक अँप्लिफायर करून देतो. तुम्ही कधी ओरडला नाहीत. माझा सांधा कच्चा असला की तुम्ही फक्त तो बोर्ड माझ्यापुढं परत सरकवायचात. मी रडवेली व्हायचे आणि पुन्हा करायचे.

खोटा ट्रान्झिस्टर कसा ओळखायचा, हे तुम्ही मला अकराव्या वर्षी शिकवलंत. शेवटची जी जोडी स्पीकरला ताकद देते, ती पाच हजार दोनशे आणि एकोणीसशे त्रेचाळीस नंबरची, तिचीच सगळ्यात जास्त नक्कल होते. खऱ्यावरची अक्षरं मंद असतात, उजेडात तिरकं धरल्यावरच नीट दिसतात. खोट्यावरची पांढरीशुभ्र, लग्नपत्रिकेवरच्यासारखी. कापसाला थिनर लावून घासलं की निघून येतात. मीटर मात्र दोघांनाही पास करतो. तुम्ही म्हणायचात, "मीटर एवढंच सांगतो की हा जिवंत आहे. ओझं उचलेल का, ते सांगत नाही." ते कळायला एक नग फोडावा लागतो. खऱ्याच्या पोटात हरभऱ्याच्या डाळीएवढी चिप असते, खोट्याच्या तिळाएवढी. चाचांची पद्धतच होती, नवा माल आला की त्यातला एक ते पकडीनं फोडायचे आणि फोडलेला नग कागदाच्या पुडीत बांधून कायमच्या गिऱ्हाइकाला मालाबरोबर द्यायचे. त्यांच्याकडचा माल तुम्ही कधी तपासला नाहीत. भिंगातून तो फोडलेला नग बघायचात आणि बाकीचे तसेच बसवायचात. आपल्या खणात अशा जुन्या पुड्यांचा ढीग होता.

मी तेव्हा चौदा वर्षांची. कुंभारीच्या शाळेच्या गॅदरिंगसाठी अँप्लिफायर करायचा होता आणि तो तुम्ही पूर्ण माझ्यावर सोडला होता. हेडमास्तरांना सांगून ठेवलं होतंत की हा माझ्या मुलीनं केलाय. गॅदरिंग दुसऱ्या दिवशी, आणि फक्त शेवटच्या दोन जोड्या राहिल्या होत्या. मी चाचांकडे गेले. त्यांनी स्टूल दिलं, फोडलेला नग दाखवला आणि म्हणाले, हा माल बरोबर नाही, परत पाठवतोय, परवा ये. मी म्हटलं, मला आजच पाहिजे. ते म्हणाले, "अप्पाला सांग, उद्यापुरते तुमच्या जुन्या अँप्लिफायरमधले काढून लावा. खोटा माल मी तुला द्यायचा न्हाय, बेटा."

तुमच्या अँप्लिफायरमधले काढून लावले असते तर तो पूर्ण माझा राहिला नसता, असं मला वाटलं. मी मागच्या गल्लीत गेले. तिथं एकाकडे प्लास्टिकच्या पिशवीत सुट्या जोड्या होत्या. अक्षरं पांढरी होती, अप्पा. मला दिसली. घरी आल्यावर थिनरची बाटली समोर होती, आणि मी कापूस हातात घेतला नाही. घासलं असतं तर कळलं असतं, म्हणून घासलं नाही. मग खणातून एक जुनी पुडी काढली आणि नव्या ट्रान्झिस्टरशेजारी ठेवली. तुम्ही पुडीतला फोडलेला नग भिंग लावून बघितलात, म्हणालात, भाईचा माल, बघायला नको, आणि मला बसवायला सांगितलंत.

कुंभारीत दुसऱ्याच गाण्याला आधी घरघर आली, मग दोन्ही स्पीकरमधून धूर. स्टेजवरच्या लहान मुली हात वर करून तशाच उभ्या. मागून कोणीतरी म्हणालं, "मिस्त्री, आवाज मागितला हुता, धूर न्हाय." सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि वायर गुंडाळायला लागलात.

घरी येऊन तुम्ही जळालेले ट्रान्झिस्टर फोडलेत. तिळाएवढी चिप. मला काही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन चाचांच्या दुकानात गेलात आणि जळालेले नग आणि ती पुडी त्यांच्यापुढं ठेवलीत. चाचांनी पुडी उघडली, आतला जुना, खरा नग बघितला, बंद केली. म्हणाले, "पोरगी आली हुती, खरं हाय. पण माल म्या दिलाच न्हाय. पूछो ना इसकू." तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, कुठून आणलेस? मी म्हटलं, चाचांकडून.

"माझी मुलगी खोटं बोलत नाही, भाई," तुम्ही म्हणालात.

चाचा माझ्याकडे बघत राहिले. रागानं बघितलं असतं तर मी कदाचित बोलले असते. ते म्हणाले, "ठीक हाय. ती म्हणती, तर तसंच." बस, एवढंच. वीस वर्षांची तुमची बैठक तिथं संपली. तुम्ही गावभर बोंब मारली नाहीत, पण कोणी मेकॅनिकनं विचारलं की सांगायचात, भाईकडचा माल आता फोडून बघत जा. तुमचा शब्द होता तो. लोक दुसऱ्या दुकानात जायला लागले.

शेवटच्या आजारपणात तुम्ही एकदा म्हणालात, भाईकडे एकदा जाऊन यायला पाहिजे. मी उशी नीट करत होते. म्हटलं, आधी बरे व्हा. तुम्हाला काही संशय आला होता का, हे मी आजही ठरवू शकत नाही. दोन्हींपैकी काहीही खरं असलं तरी मला ते सहन होत नाही. तुम्हाला नेलं त्या दिवशी चाचा आले होते. फाटकाबाहेरच उभे राहिले. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, शिकणं सोडू नकोस.

सोडलं नाही. पंपाची पॅनेल करणाऱ्या कारखान्यात मी आता आलेला माल तपासते. प्रत्येक खेपेतला एक नग फोडते. स्टोअरचे काका सगळ्यांसमोर म्हणतात, "मॅडम, तुमी नवरा पन भिंगाखाली धरून बघनार की." लोक हसतात, मीही हसते. माझ्या सहीवर सगळ्यांचा इतका विश्वास आहे की सही करताना मला घाम येतो.

परवा तुमच्या ओळखीचे ते म्हातारे मेकॅनिक कारखान्यात आले होते. त्यांच्याकडून कळलं की चाचा दुकान विकून मुलीकडे हैदराबादला चालले आहेत, बुधवारी निघणार. मग हळहळून म्हणाले, "मानूस चांगला, पर त्या एका भानगडीत नाव गेलं त्याचं. तुज्या अप्पालाच घावला हुता की तो." मी म्हटलं, हो का.

हो का, अप्पा. तेरा वर्षांनी पुन्हा एकदा.

चाचांपुढं काय बोलायचं ते मी कागदावर लिहून काढलं. त्यात 'मी लहान होते' असं दोनदा आलं होतं, ते खोडलं. 'अप्पांना माहीत नव्हतं' हे ठेवलंय, कारण तेवढं खरं आहे असं मला धरून चालायचंय. चाचांना एकट्यांना गाठून, पाया पडून मोकळं व्हावं असंही मनात आलं. पण नाव गेलं ते चारचौघांत, म्हणून त्या मेकॅनिक काकांना मी फोन करून चाचांच्या दुकानात बोलावलंय. आईला आज सकाळी सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला वाटलंच हुतं. तुज्या अप्पाला म्या तसं बोलले पन हुते." ते त्यावर काय म्हणाले, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

आणि मेकॅनिक काकांना मी खरं कारण सांगितलेलं नाही. चाचांना निरोप द्यायला या, एवढंच म्हटलंय. मंगळवारी, सकाळी साडेदहाला.