दोन काठांचे कोल्हे

३ मार्च
आले एकदाची! प्रयोगशाळेच्या माडीवर खोली मिळाली आहे, दोन खिडक्यांची. शेजारच्या कपाटाएवढ्या फ्रीजरची घरघर मला अंगाईसारखी वाटते. आमच्या बाई, म्हणजे प्रमुख, कामाच्या पक्क्या. मला काम समजावलं, तेही चहा गार व्हायच्या आत. नदीच्या पूर्वेकडच्या तांबड्या कोल्ह्यांत रेबीज पसरलाय. पश्चिमेकडे नाही. केस नि विष्ठेतला डीएनए तपासून मी सांगायचं, दोन्हीकडच्या कोल्ह्यांचे वंश एकमेकांत मिसळतात का. मिसळत नसतील, तर पश्चिमेकडच्या कोल्ह्यांना लस भरलेलं आमिष खायला टाकायची गरज नाही. रेबीजची इंजेक्शनंही पूर्वेकडे जाणाऱ्यांनाच देतात. तिकडचे नमुने दुसरे आणतात, मी फक्त पश्चिमेकडे फिरायचं. मी सुटले!

२२ मार्च
वाटाड्या तात्या तीस वर्षं या रानात आहेत. कुंपणाच्या तारेला अडकलेला केस त्यांना दहा पावलांवरून दिसतो. मी चिमट्याने उचलते, नळीत टाकते, नंबर घालते. पश्चिमेकडच्यांत विविधता फारच कमी. सगळे एकमेकांचे मामेभाऊ नि चुलतभाऊ. बाहेरचा जावई म्हणून कोणी आलेलाच नाही. तात्या म्हणाले, पाणी उतरलं की कोल्हे नदी ओलांडतात. मी हसून म्हटलं, आकडे काय ते सांगतील.

९ एप्रिल
आकडे आले. दोन काठ, दोन स्पष्ट वेगळे वंश. पश्चिमेच्या एकसष्ट नमुन्यांतला एकच नर पूर्वेच्या वंशाचा निघाला. नळ्यांची अदलाबदल झाली असणार, धांदरटपणा माझाच. तो वगळून अहवाल दिला. बाईंनी पाठ थोपटली. आमिषाच्या पेट्या दुसऱ्या जिल्ह्यात रवाना झाल्या.

२ मे
आज बिळापाशी बाकीची पिल्लं आत पळाली, एक पळालंच नाही. मान वाकडी, तोंडाला लाळ. लाळेचा नमुना घेताना त्याचा दात हातमोज्यातून अंगठ्याला लागला. टाचणीएवढं रक्त. तात्यांनी, पोरी, आत्ताच्या आत्ता इंजेक्शन घे, म्हणून डोकं खाल्लं. मी म्हटलं, या काठावर रेबीज नाही, अहवालच आहे तसा. साबणाने हात धुतला.

१२ जून
तात्यांना त्या बिळाजवळ मादी आणि चार पिल्लं मेलेली सापडली.
मी वगळलेली नळी पुन्हा काढली. नंबर बरोबर होता. अदलाबदल झालीच नव्हती. मग त्या पिल्लाची लाळ तपासली, मे महिन्यापासून फ्रीजरमध्ये पडून होती. बाप तोच, पूर्वेकडचा. आणि रेबीजही आहे.
तो नदी ओलांडून आला होता. मी त्याला खोडून टाकलं.

१४ जून
अंगठ्याला मुंग्या. कोपरापर्यंत. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. लक्षणं सुरू झाल्यावर उपयोग नसतो, हे मला ठाऊक आहे, आणि त्यांनाही. तात्यांची इंजेक्शनं आजपासून सुरू. बाईंना सगळं लिहून दिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आमिषाच्या पेट्या यायला तीन आठवडे.

१६ जून
दवाखाना. वेगळी खोली. ताईला फोनवर सर्दी झाली म्हणून सांगितलं. ती म्हणाली, गरम पाणी पी.
पाणी या शब्दानेच घसा आवळला.

१७ जून
पंखा बंद करायला लावला — वारा लागला की मान खेचते. ताई आली आहे. काचेपलीकडे. रडते आहे, मला ऐकू येत नाही. आत सोडू नका म्हटलं — मी चावले तर —

१८ जून
नर्स म्हणते, पेन आता काढून घेणार. डोकं अजून ठिकाणावर आहे. लिहायलाच हवं —
तात्यांना चार सापडली. चावलं त्या दिवशी मी मोजली होती. पाच. पिल्लं पाच होती. बाई, एक अजून — बिळापासून गावाकडे उतरणारी पायवाट — शाळेच्या मागे — तिथे कोणी